ती थडगी नव्हेत

फातिमाच्या यात्रेहून परतलेल्या आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने नाताळच्या सुट्टीत मला घरी बोलावून प्रवासाची छायाचित्रे दाखविली. फातिमाचे विस्तीर्ण प्रांगण झाले, ब्रागा शहरावरील बों जेझूशच्या दगडी पायऱ्या झाल्या, आणि मग उत्तरेच्या डोंगरातील सोआजो नावाचे एक खेडे आले. उघड्या कातळावर लांबट दगडी पेट्या खांबांवर उभ्या होत्या आणि बहुतेकींच्या माथ्यावर क्रूस होता. "फादर, हे त्यांचं कबरस्तान. बघा, पूर्वजांना कसं जपलंय!" घरातल्या थोरल्या भावाने कौतुकाने सांगितले. मी म्हणालो, ती थडगी नव्हेत, ती मक्याची कोठारे आहेत. सगळे हसले, मीही हसलो. ही चूक तिथे जाणारे पुष्कळ परदेशी प्रवासी करतात.

चहा झाला आणि विषय घराकडे वळला. मागच्या वाडीतले आजोबांचे कौलारू घर. थोरल्याचे मत असे की ते पाडावे: "पोर्तुगालमध्येसुद्धा लोकांनी जुनी घरं सोडून नवी बांधलीच की." धाकट्याचे मत असे की पाडू नये, डागडुजी करून पाहुण्यांना भाड्याने द्यावे: "पोर्तुगालमध्ये तसंच करतात." दोघा भावांचे एकमत होत नव्हते, साक्षीदार मात्र दोघांनी एकच उभा केला होता. साक्षीदाराची साक्ष त्यांनी नीट ऐकलेली नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. ही दोन मते एका घरापुरतीही नाहीत. धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात, अगदी अंत्यविधीनंतर अंगणात टेकलेल्या मंडळींतही मी ती ऐकत आलो आहे. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम त्या दगडांविषयी. पोर्तुगालचा वायव्य कोपरा म्हणजे मिन्यो प्रांत. तिथली भूमी ग्रॅनाइटची आणि पाऊस अटलांटिक महासागराचा. सोळाव्या शतकात अमेरिकेतून मका आला आणि पुढल्या शंभर-दीडशे वर्षांत त्याने ह्या प्रांताची शेती बदलून टाकली. परंतु मका शरद ऋतूत तयार होतो आणि तेव्हाच तिथे पावसाची सुरुवात होते. कणसे कोठीत बंद केली तर बुरशी धरणार आणि उघड्यावर ठेवली तर उंदीर खाणार. त्यावर तिथल्या शेतकऱ्याने जो उपाय शोधला तो म्हणजे 'एस्पिगेइरो', कणसांचे कोठार. अरुंद, लांबट, खांबांवर उचललेले. भिंतींना उभ्या फटी, म्हणजे वारा आरपार जावा. आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर जात्याच्या पाळीसारखी गोल सपाट तबकडी. उंदीर खांब चढून येतो, पण तबकडीच्या खालच्या अंगाला उलटे लटकून पुढे जाणे त्याला जमत नाही. इतके साधे. सोआजोच्या सामायिक खळ्याच्या कातळावर अशी २४ कोठारे आहेत आणि त्यांतील सर्वांत जुन्यावर १७८२ हे साल आहे. जवळच्या लिंदोझो गावी किल्ल्याच्या पायथ्याशी पन्नासांहून अधिक आहेत. माथ्यावरचा क्रूस मृतांसाठी नाही. तो वर्षभराच्या भाकरीवर आहे. रोजच्या भाकरीची प्रार्थना आपण मिस्सात करतो. त्या लोकांनी ती कोठाराच्या छपरावर दगडात केली.

आता मूळ घर. रोममध्ये शिकत असताना एका पोर्तुगीज सहाध्यायी धर्मगुरूच्या घरी मी ऑगस्टचे दोन आठवडे राहिलो होतो. घर त्याच डोंगराळ भागातले. भिंती दोन फुटांच्या आसपास जाड. घडीव चिऱ्यांचे थर आणि सांध्यांत बारीक दगड ठोकलेले. दगड लांबून आणलेला नव्हता. शेत साफ करताना निघालेला आणि वरच्या टेकडीवर पाचरी ठोकून फोडलेला. तळमजल्याला खिडकी जवळजवळ नाहीच. तिथे गाई, मद्याची पिंपे, नांगर आणि बटाटे. बाहेरून दगडी जिना चढून सज्जावर जायचे आणि तिथून राहत्या मजल्यावर. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर मी पहिल्या रात्री झोपलो तेव्हा खालून गाईंचा श्वास ऐकू येत होता. वासही येत होता, हे लपवत नाही. मित्राची आई म्हणाली, हिवाळ्यात ये म्हणजे कळेल. ह्या दोघी वर ऊब पाठवतात, तिला पैसे पडत नाहीत. स्वयंपाकघराला धुराडे नव्हते. धूर कौलांच्या फटींतून निघून जाई, आणि जाता जाता वासे काळे करी, कीड मारी व वर टांगलेल्या डुकराच्या मांसाला वर्षभर टिकण्याजोगे करी. दारावरच्या तुळईवर एक क्रूस आणि एक साल कोरलेले होते. वाटेच्या वळणावर शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी उभारलेली छोटी दगडी देवळी होती, तिथे 'आल्मिन्याश' म्हणतात. शेतावर जाणारा माणूस तिथे क्षणभर थांबतो.

ती माऊली मला म्हणाली, "तुमच्याकडे मका कुठे ठेवता?" मी म्हणालो, आमच्याकडे भात होतो आणि तो कणगीत ठेवतो. तिने लगेच विचारले, "कणगी उंचावर असते का? उंदरांचं काय करता?" माझ्या धर्मज्ञानाविषयी तिने दोन आठवड्यांत एकही प्रश्न विचारला नाही.

त्या घराची रचना समजून घ्यायची तर भिंतींकडे पाहून भागत नाही, टेकडीकडे पाहावे लागते. गावाच्या वरचे माळरान कोणा एकाचे नसे. ते सगळ्या गावाचे, 'बाल्दियो'. तिथून काटेरी पिवळ्या फुलांची झुडपे आणि नेचे कापून आणायचे आणि गोठ्यात गाईंखाली अंथरायचे. गाई ते तुडवीत, त्यात शेण मिसळे. महिन्यांनी ते उकरून शेतात घालायचे. त्या खतावर मका वाढायचा, मक्याच्या ताटांवर घेवडा चढायचा आणि खाली भोपळा पसरायचा. कणसे कोठारात जायची, ताटे परत गाईंना. जमीन थोडी म्हणून द्राक्षवेलीला शेताच्या बांधावर ढकलले, ग्रॅनाइटच्या खांबांवर वा झाडांवर चढवले. पाण्याच्या पाळ्या घरागणिक ठरलेल्या. कणसे सोलायच्या रात्री सगळा गाव एका खळ्यावर जमायचा. ज्याला लाल कणीस सापडे त्याला साऱ्यांना आलिंगन देण्याचा हक्क मिळे, आणि तरुण मंडळी लाल कणीस आधीपासून खिशात ठेवून येत, असे माझ्या मित्राने मला सांगितले. (त्याच्या आईवडिलांचे लग्न असेच जुळले, असेही तो म्हणाला, आईने ते नाकारले.) सांगायचे हे की गोठा घराखाली आहे तो टेकडीमुळे, कोठार अंगणाबाहेर आहे ते मक्यामुळे, जिना बाहेर आहे तो गोठ्यामुळे. ह्यातील एक गोष्ट काढा, दुसरीला कारण उरत नाही.

ह्या घराची स्तुती करणारे लोक पहिल्यांदा कधी आले, ते पाहू. पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही होती. १९३८ साली त्या राजवटीने 'पोर्तुगालमधील सर्वांत पोर्तुगीज खेडे' निवडण्याची स्पर्धा भरविली आणि स्पेनच्या सीमेजवळच्या मोंसांतो गावाला चांदीचा कोंबडा बहाल केला. मोंसांतोतील काही घरे प्रचंड ग्रॅनाइट गोट्यांच्या मधल्या पोकळीत बसवलेली आहेत. गोटा हीच भिंत आणि गोटा हेच छप्पर. दिसायला विलक्षण. आत राहायला किती विलक्षण, हे परीक्षकांनी राहून पाहिले असेल असे मला वाटत नाही. आणि त्याच १९३८ साली, त्याच सरकारने वनीकरणाचा कायदा करून डोंगरी गावांची सामायिक माळराने वनखात्याच्या ताब्यात घेण्याचा मार्ग मोकळा केला. गुरे कुठे चारायची, अंथरण कुठून आणायचे? दगडाला चांदीचे बक्षीस आणि ज्या माळावर तो दगड जगत होता त्या माळावर पाइनची रोपे! मला ह्या दोन घटना एका वर्षात आल्या हा योगायोग वाटत नाही. घराला चित्र मानले की घरातल्या माणसाच्या पोटाचा विचार करावा लागत नाही. ती माळराने गावांना परत मिळाली ती हुकूमशाही कोसळल्यानंतर, १९७६ साली. तोवर पुष्कळ गावांत गुरे राखायला माणसेच उरली नव्हती.

त्याच राजवटीची आणखी एक हौस अशी की खरे 'पोर्तुगीज घर' कसे असते ते ठरवून सर्वांनी तसेच बांधावे. त्याच्या शोधासाठी म्हणून १९५५ साली वास्तुविशारदांच्या पथकांना सरकारी पैसा मिळाला. पथके खेडोपाडी हिंडली. मिन्योची पाहणी फेर्नांदो ताव्होरा यांच्या पथकाने केली. १९६१ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्यातून निघाले ते भलतेच: पोर्तुगीज घर असे काही एक नाही. ग्रॅनाइटच्या मुलखातले घर वेगळे, दक्षिणेच्या मातीचे वेगळे, किनाऱ्याचे वेगळे. प्रत्येक घर आपापल्या जमिनीचे. आमच्या वसईत जुन्या घराला कोणी 'पोर्तुगीज स्टाइल' म्हटले की मला ह्या ग्रंथाची आठवण होते. १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीज इथे होते हे खरे. आपल्या श्रद्धेचे, आडनावांचे, काही शब्दांचे ऋण आपण नाकारत नाही. पण आपल्या भूमीत ग्रॅनाइट नाही, काळा बेसाल्ट आहे. आपली ओटी आणि पडवी मृगाच्या पावसाने ठरवली, माळा आणि कणगी भाताने, विहीर आणि बावखल केळीच्या व पानवेलीच्या वाडीने. परदेशाची नक्कल म्हणून ते घर पाडणारा आणि परदेशाची शोभा म्हणून ते मिरवणारा, हे दोघेही आपल्याच आजोबांचे कर्तृत्व लिस्बनच्या खात्यावर जमा करतात.

आता थोरल्या भावाच्या साक्षीविषयी. होय, मिन्योच्या लोकांनी जुनी घरे सोडली. १९६० च्या दशकात दारिद्र्याला आणि आफ्रिकेतील युद्धांवरच्या सक्तीच्या लष्करभरतीला कंटाळून लाखो माणसे फ्रान्सला गेली, कित्येक कागदपत्रांशिवाय, रात्रीच्या अंधारात डोंगर ओलांडून. पॅरिसच्या बांधकामांवर राबून त्यांनी पैसा साठविला आणि गावी येऊन नवी घरे बांधली. विटांची, सिमेंटची, चकाकत्या फरश्यांनी मढवलेली, बर्फाच्या देशासारख्या उतरत्या छपरांची. शहरातील शिकलेली मंडळी त्या घरांना हसली. मी हसणार नाही. धुराने डोळे गेलेल्या आईला ज्याने गॅसची शेगडी आणि न्हाणीघर दिले, त्याच्यावर सौंदर्यशास्त्र शिकवायला मी जाणार नाही. आमच्याकडेही आखाती देशांत आयुष्य झिजवून आलेल्यांनी जे बांधले ते घामाचे आहे. पण थोरल्याने पुढचा भाग पाहावा. ती नवी घरे वर्षातील अकरा महिने बंद असतात. ऑगस्टमध्ये उघडतात, लग्ने व बाप्तिस्मे होतात, ग्रामसंताची मिरवणूक निघते, आणि सप्टेंबरात पुन्हा कुलूप. ते घर उभे राहिले, पण शेत उभे राहिले नाही. म्हणून मुलांना तिथे परत येण्याचे कारण राहिले नाही. मोठ्या दाराच्या, मोठ्या दिवाणखान्याच्या आणि कुलूप लावलेल्या घरांची आपल्या धर्मग्रामातही उणीव नाही. घरांना आशीर्वाद द्यायला फिरताना मी मोजत नाही, एवढेच.

धाकट्याची साक्ष अधिक मोहक आहे. होय, अनेक ग्रॅनाइट घरे दुरुस्त करून पाहुण्यांसाठी खुली केली गेली, त्यांतून काही कुटुंबांना मिळकत झाली आणि पडायला आलेल्या भिंती वाचल्या. वाचलेली भिंत पडलेल्या भिंतीहून बरी, हे मी मान्य करतो. पण पुष्कळ ठिकाणी काय होते? गोठा धुऊन-पुसून तिथे मद्याचा पेला घेऊन बसायची खोली होते. कोठाराच्या फटींत दिवे लागतात. गाई जातात, कारण पाहुण्यांना माश्या नकोत. मग टेकडीवरचे झुडूप कापायला कोणी जात नाही, ते वाढत राहते, उन्हाळ्यात वाळते आणि ठिणगीची वाट पाहते. २०२५ च्या जुलैअखेरीस लिंदोझो ज्या तालुक्यात येते त्या पोन्ते दा बार्कामध्ये आग लागली आणि पेनेदा-जेरेशच्या राष्ट्रीय उद्यानातील डोंगर आठवडाभराहून अधिक काळ जळत राहिले. आगीची कारणे अनेक असतात. उष्मा वाढला आहे, वाराही होता. पण पूर्वी जे इंधन दर वर्षी गोठ्यात जाऊन खत होई, ते आता डोंगरावरच साचते. ग्रॅनाइट जळत नाही, हे पर्यटकाला पुरते. गावाला पुरत नाही.

त्याच उद्यानालगत विलारिन्यो दा फुर्ना नावाचे खेडे होते. सगळे दगडी. गावची मंडळी आपला मुखी निवडीत. गुरे राखण्याच्या, रस्ते दुरुस्त करण्याच्या पाळ्या, न पाळल्यास दंड, सारे गावच्या बैठकीत ठरे. मानववंशशास्त्रज्ञ जोर्जे दियश यांनी १९४८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे ओमें नदीवर धरण आले, १९७१ पर्यंत माणसे उठली आणि गाव पाण्याखाली गेले. लोकांनी जाताना कौले आणि तुळया काढून नेल्या. कडक उन्हाळ्यात पाणी उतरले की भिंती वर येतात आणि प्रवासी पाहायला जमतात. शेजारच्या गावी, त्याच खेड्यातील दोन घरांचे दगड आणून संग्रहालय उभारले आहे. ते चांगले आहे. पण भिंती पुन्हा दिसू लागल्या म्हणून पाळ्या पुन्हा सुरू होत नाहीत.

कोणी म्हणेल, फादर सगळीकडे मरणच दाखवतात. तसे नाही. मिन्योच्या पूर्वेला बारोझो नावाचे उंच पठार आहे. तेही ग्रॅनाइटच्या घरांचे, गावाच्या सामायिक भट्टीचे आणि पाळीपाळीने गुरे राखण्याचे. २०१८ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेने त्या प्रदेशाला जागतिक महत्त्वाचा कृषी-वारसा म्हणून मान्यता दिली. नीट पाहा: मान्यता घरांना नाही, शेतीला. आणि संकट आले तेही शेतीवरच. तिथल्या कोव्हश दो बारोझो गावच्या डोंगरात लिथियम सापडले. मे २०२३ मध्ये पोर्तुगालच्या पर्यावरण संस्थेने उघड्या खाणीला अटींसह संमती दिली आणि मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने तिला महत्त्वाचा प्रकल्प ठरविले. घरांना धक्का लागणार नाही, असा युक्तिवाद होतो. ग्रामस्थ उत्तर देतात की माळ आणि पाणी गेल्यावर घर कशाचे. हे सांगायला त्यांना वास्तुशास्त्राची पदवी लागली नाही.

नाबोथाची कथा आपण देऊळमाता ऐकवते तेव्हा ऐकतो आणि राजा अहाबाला दुष्ट म्हणून मोकळे होतो. पण सुरुवातीला अहाबाची मागणी दुष्ट नव्हती. त्याने अधिक चांगला मळा देऊ केला, नाहीतर रोख किंमत. आजच्या बिल्डरांच्या मानाने तो सभ्यच म्हणावा लागेल. नाबोथाने नकार दिला तो मळ्याच्या शोभेसाठी नव्हे. पूर्वजांकडून आलेली ती जमीन परमेश्वराकडून मिळालेली होती आणि तो ती कसत होता. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात निसर्गाच्या वारशाबरोबर इतिहास आणि संस्कृती यांचा वारसाही संकटात असल्याचे सांगितले, ते एकाच ओघात सांगितले आहे. आपण मात्र वारसा समिती वेगळी करतो, शेती वेगळी आणि जमिनीचा दलाल तिसऱ्याच खोलीत भेटतो.

आम्ही धर्मगुरूही ह्यातून सुटत नाही. कौले उतरवून स्लॅब टाकणारे, जुन्या फरशीवर चकचकीत लाद्या बसवणारे आणि चर्चची भातजमीन 'पडीक' म्हणून मांडवाला भाड्याने देणारे आम्हीच. माझ्या हातूनही एक विहीर बुजवली गेली आहे. ती पुन्हा उघडता येईल का, हे पाहायला मी ह्या उन्हाळ्यात माणूस बोलावला आहे.

त्या दोघा भावांना मी पाडा असेही म्हटले नाही आणि राखा असेही नाही. कागदावर सही ईस्टरनंतर करायची, एवढे त्यांनी माझे ऐकले. त्या घरामागे अजून अकरा गुंठे वाडी आहे, विहिरीला पाणी आहे, आणि त्यांची आई अजून रोज सकाळी तिथे केळीच्या बुंध्याशी जाते. ह्या पावसाळ्यात त्या अकरा गुंठ्यांत कोण काय लावणार आहे, हे मी दोघांना विचारले. थोरला म्हणाला, बघू. धाकटा म्हणाला, आईला विचारतो. आईला कोणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती, असे नंतर तिनेच मला सांगितले.